वर येतानाचे आकडे

गिसेनी, ४ मार्च

श्री. बिसिम्वा यांस,

हे पत्र कामाचं आहे. तुमचा नंबर मी फोनमध्ये बंद करून ठेवलेला आहे आणि तो उघडायचा माझा विचार नाही, म्हणून कागद. मासळीवाली सिफा रोज सकाळी लहान फाटकातून सीमा ओलांडून तुमच्या गोम्यात जाते, तिच्या टोपलीतून हा येईल. वास आला तर तो मासळीचा समजावा, माझ्या मनाचा नव्हे.

तुमच्या केंद्राचे फेब्रुवारीचे आकडे मिळाले. आमचं यंत्र तपासणीसाठी परदेशी गेलं आहे, ते यायला अजून दोन महिने. तोवर एवढ्या मोठ्या तळ्याच्या पोटात काय चाललंय ते बघायला तुमचं एकच यंत्र आणि ते खाली-वर करायला तुमचाच हात. मला हे आवडलेलं नाही, पण सांगते कोणाला.

जिथे वरचं हलकं पाणी संपून खालचं खारं, जड, वायूनं भरलेलं पाणी सुरू होतं, तिथे तुमच्या आलेखात पायऱ्या पडल्या आहेत. बारीक पायऱ्या तिथे नेहमीच असतात. या बारीक नाहीत, हा आख्खा जिना आहे. तळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या समितीनं बघितलं आणि ती घाबरली. भूकंपानंतर ज्वालामुखीकडच्या झऱ्यांनी वाट बदलली, नवं पाणी तळाशी घुसतंय, थर सैल होताहेत, असा अर्थ सगळ्यांनी काढला. बुशारा वस्ती खोलगटात आहे. श्वास कोंडणारा तो वायू वर आला तर आधी तिथेच साचणार, म्हणून तिथली माणसं आठवडाभर डोंगरावर प्लॅस्टिकखाली पावसात बसली आहेत. ९ एप्रिलला समिती ठरवणार आहे की त्यांनी परत खाली यायचं, की वस्ती कायमची उठवून तिथे कुंपण घालायचं. माझा गासाना दादा त्या वस्तीतला आहे. आमचे आईवडील तिथल्याच मातीत आहेत. तुम्ही त्या घरी जेवला आहात, आठवत असेल तर.

मला शंका अशी. तुम्ही यंत्राच्या तारेचा रहाट फिरवताना अजून गाता का?

त्या रहाटाचा ब्रेक कधीच धड नव्हता. यंत्र खाली जाताना हिसके खात जातं, म्हणून आपण पहिल्यापासून वर येतानाचेच आकडे धरत आलो. वर ओढताना तुम्ही तुमच्या बेटावरचं वल्ह्याचं गाणं म्हणायचात आणि प्रत्येक कडवं संपलं की दम घ्यायला थांबायचात. यंत्र चालत असताना त्यातलं तापमान पाण्याच्या किंचित मागे राहतं. तुम्ही थांबलात की ते पाण्याला गाठतं आणि आलेखात एक खोटी पायरी पडते. नऊ वर्षं मी तुमची कडवी पुसली. युरोपातल्या पाहुण्यांनी एकदा विचारलं होतं की इतक्या सारख्या अंतरावर कुठले झरे येतात. मी म्हटलं, ते झरे नाहीत, तो माझा नवरा आहे. सगळे हसले. तुम्ही नाही हसलात, आणि त्या महिन्याच्या आत तुम्ही गोम्यात नोकरी धरलीत.

तेव्हा कृपा करून वेळेचा रकाना पाठवा. कोणत्या क्षणी यंत्र किती खोल होतं ते त्यात कळतं. तुमचं केंद्र तो काढून टाकून उरलेले आकडे पाठवतं.

दोनाता


गिसेनी, ११ मार्च

बिसिम्वा,

'श्री.' काढून टाकलं आहे. तुझं उत्तर वाचल्यावर ते हातून उतरेना.

चार ओळी लिहिल्यास आणि चारीत मला टोचलंस. आता माझी ऐक. 'मी आता गात नाही.' बरं झालं, मासे परत येतील. 'तळं बदललं आहे.' तळं बदललं की नाही ते आकडे सांगतील, तू नको सांगूस. 'भावाची वस्ती वाचवायची म्हणून तुला दिसत नाही.' हे लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही का रे? मला दिसलं म्हणूनच मी विचारते आहे. खाली जाऊन बसा असं मी दादाला सांगितलं आणि रात्रीत वायू वर आला, तर त्याला मीच मारला असं होईल. एवढं कळायला तुझ्या आलेखाची गरज नाही. 'रकाना मागायला तू माझी साहेब नाहीस.' नाहीच. तुझी मी कोण आहे हे तू माणूस पाठवून कळवलंस ना.

तो माणूस मी विसरलेले नाही. तू तोंडानं काही बोलला नाहीस, भांडला नाहीस. लग्नात तू आमच्या घरी दिलेली गाय परत मागायला एका परक्या माणसाला दादाच्या अंगणात उभा केलास. आमच्याकडे गाय परत मागितली की लग्न मोडलं, बायको मेली असं तोंडानं न म्हणता तेच म्हणायची ही रीत. दादानं त्याला बसवलं, केळ्याची दारू पाजली, गाईची दोन वासरं दाखवली आणि म्हणाला, "गाय म्हणते, जायचं नाही. तुला तिचं ऐकायचं नसेल तर तू तिला सांग." माणूस दारू संपवून गेला.

ती गाय आता डोंगरावर केळीची पानं खाते आहे. गवत संपलं. रविवारी मी वर गेले होते. दादा प्लॅस्टिकखाली चुलीपाशी बसला होता, धुरानं डोळे लाल.

"तुझा गोम्यावाला काय म्हणतो?" त्यानं विचारलं.

"माझा नाही तो."

"बरं, कोणाचा असेल त्याचा. काय म्हणतो?"

"म्हणतो तळं बिघडलं."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, मला माहीत नाही."

दादानं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाला, "दोनाता, खाली बीन्स फुलांवर आलेत. कोणी खुडायला नसेल तर माकडं खातील. त्यांना कोणी सांगितलं नाही ना, वायू आहे म्हणून." त्याच्यासमोर मला हसावं लागलं. तुझ्यावरचा राग अजून वाढला तो तेव्हा.

आणि एक. सिफाला मी सहज विचारलं, खरंच गात नाही का तो. ती म्हणाली, "नाही गं ताई, हल्ली बोलतसुद्धा नाही. तुझी चिठ्ठी दिली तर धक्क्यावर दगडावर बसून वाचली. एवढीशी चिठ्ठी, उभ्यानं झाली असती." माझ्या पत्राचं तुला एवढं वजन वाटत असेल असं मला वाटलं नव्हतं.

रकाना पाठव. नाहीतर समितीला लिहीन की तू लपवतो आहेस.

दोनाता


गिसेनी, १९ मार्च

बिसिम्वा,

रकाना मिळाला.

दोन दिवस मी तो बघते आहे. तू थांबतोस. पूर्वी कडव्याच्या शेवटी थांबायचास, आता कुठेही. यंत्र तळाजवळ असतं तेव्हा तर फार वेळा, आणि एकेकदा इतका वेळ की मला वाटलं घड्याळ बिघडलं. तार जसजशी गुंडाळली जाते, खाली लोंबणारं ओझं कमी होतं, तसतसे थांबे विरळ होतात. वरच्या निम्म्यात तू पूर्वीसारखाच ओढतोस. पायऱ्याही तशाच आहेत. खाली दाट, वर नाहीत.

आता सांग, तळ्याला तुझ्या तारेच्या वजनाशी काय करायचं आहे? झऱ्यानं पायरी पाडली तर ती पुढच्या आठवड्यात तिथेच सापडते. तुझी प्रत्येक फेरी निराळी. माझी खात्री होत आली आहे की थर जागच्या जागी आहेत आणि बुशाराच्या माणसांनी उद्या खाली यायला हरकत नाही. पण माझी खात्री समितीला चालत नाही, तिला स्वच्छ आलेख लागतो. तेव्हा रहाट दुसऱ्या कोणाच्या हातात दे आणि पुन्हा मोजून पाठव. चिझा आहे ना तुझ्या होडीच्या सुकाणूवर, त्याचे दंड म्हणजे खांब आहेत.

धक्क्यापासून रस्त्यापर्यंतचा चढ तू एका दमात चढतोस का? रात्री आडवा पडून झोप येते, की उशी उभी करून भिंतीला टेकावं लागतं? तुझे वडील शेवटी शेवटी बसून झोपायचे असं तूच मला सांगितलं होतंस. पाय सुजतात का?

हे सगळं आकड्यांचा अर्थ लागावा म्हणून विचारते आहे.

दोनाता


गिसेनी, २६ मार्च

बिसिम्वा,

तुझा कागद आला. 'मी थांबत नाही. यंत्राचं घड्याळ चुकतं. तुला माझ्या हातातला दांडा काढून घ्यायचा आहे, पहिल्यापासून तेच होतं. दुसऱ्याला देण्यापेक्षा रहाट तळ्यात ढकलून देईन. विश्वास नसेल तर स्वतः येऊन बघ.'

माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. चढाचं नाही, झोपेचं नाही, पायांचं नाही. म्हणजे मिळालं उत्तर.

तुला काय वाटतं रे, मला हौस आहे? तुझ्या रहाटासाठी मी झुरते आहे? माझ्याकडे केंद्र आहे, खोली आहे, खुर्ची आहे. नाही ते फक्त यंत्र आहे, आणि ते तू कडेवर घेऊन बसला आहेस. तिकडे साठ घरं भिजताहेत आणि तू मला दांड्याच्या मालकीचं सांगतोस. नाकानं कांदे सोलायची ही तुझी सवय गोम्यात जाऊन सुटेल असं वाटलं होतं, पण तिथे तर ती बाळसं धरून राहिली आहे.

मंगळवारी येते आहे. फाटकाचा परवाना काढला आहे, समितीचं पत्र घेतलं आहे, म्हणजे तुला मला होडीत घ्यावंच लागेल. मी यंत्र बघायला येते आहे, तुला नाही. माझ्यासाठी काही रांधू नकोस. आणलंस तर तिखट वेगळं आण, तुझ्या हाताला अंदाज नाही.

दोनाता


गिसेनी, ३ एप्रिल

बिसिम्वा,

होडीत मी बोलले नाही, कारण चिझा होता. आता लिहिते. तू म्हणतोस मी थांबत नाही, आणि तू खोटं बोलत नाहीस हे मला परवा कळलं. तुला खरोखरच माहीत नाही. म्हणून जे तुला दिसलं नाही ते सांगते.

इतक्या काळानं भेटलो तर तू म्हणालास, "चपला काढ, होडी पुसली आहे." मी काढल्या. मधोमध गेलो, यंत्र तळाला पोचलं, तू दांडा धरलास. मी समोरच बसले होते. थोडा फिरवलास आणि चिझाला विचारलंस, काल मासळीला काय भाव आला. त्याचं उत्तर संपेपर्यंत दांडा उभा. मग फिरवलास. मग टोपी नीट केलीस, जी नीटच होती. दांडा उभा. मग तारेवर काहीतरी अडकलं म्हणून वाकून बघितलंस. काही नव्हतं. मग मला म्हणालास, "काय बघतेस?" मी म्हटलं, "काही नाही." "मग बघू नकोस." तेवढं बोलून झालं तरी दांडा उभाच होता आणि तुझे ओठ जांभळे झाले होते. चिझा तुझ्या पाठीमागून माझ्याकडे बघून मान हलवत होता. त्याला सगळं माहीत आहे. तुझ्या धाकानं बोलत नाही.

दर वेळी थांबायला तुझ्याकडे काहीतरी कारण असतं, आणि कारण असलं की तू थांबलास असं तुला वाटत नाही. असं आहे ते.

मग जेवलो. भाकरीसारखा थिजलेला मक्याच्या पिठाचा उगाळी आणि तळलेली बारीक मासळी. तिखट वेगळ्या पुडीत आणलं होतंस, ते मी बघितलं. तू चार घास खाल्लेस आणि उरलेलं चिझाकडे सरकवलंस. पूर्वी माझ्या ताटातलं उचलायचास.

दुसरी फेरी मी ओढली.

"तुला जमणार नाही," तू म्हणालास.

"नऊ वर्षं कोण बघत होतं?"

"बघणं वेगळं. ओढणं वेगळं."

"मग तू बघ आता."

माझे तळवे सोलले, पण मी थांबले नाही. आलेख तूही बघितलास. जिना गेला. नेहमीच्या बारीक पायऱ्या नेहमीच्या जागी, खारं पाणी जिथे असायचं तिथे, थर आपापल्या ठिकाणी शांत. आणि तू काय म्हणालास, तर "आपण जेवत होतो तेवढ्यात तळं स्थिर झालं." तळं तुझ्याबरोबर जेवायला बसतं का रे? चिझानं तोंड दुसरीकडे फिरवलं. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग इतकं वाईट वाटलं की येताना होडीत तुझ्याकडे बघवेना.

आता ९ तारखेचं. समितीपुढे दोन आलेख जाणार, एक तुझा, एक माझा. ती विचारेल की एकाच दिवसात दोन तळी कशी. कारण दिलं नाही तर भ्यायलेली माणसं भ्यायलेला आलेखच धरतील आणि बुशारा उठेल. म्हणून मी कारण तयार ठेवलं आहे. मी सांगणार आहे की रहाटाचे दात झिजले आहेत, साखळी अडकते, मध्येच धरते. कधी धरते, कधी नाही. रहाट मोडीत जाईल, मोटरवर चालणारा येईल, तू बटण दाबशील. तुझ्या छातीबद्दल कोणी एक अक्षर विचारणार नाही. तुझी नोकरी राहील आणि टोपी जागेवर राहील.

तुझ्यासाठी मी भरसभेत खोटं बोलणार आहे. उपकार म्हणून नाही, बुशारासाठी. तू फक्त गप्प बस. आयुष्यात एकदा, अर्धा तास.

आणि ९ तारीख झाली की डॉक्टरकडे जा.

दोनाता


गिसेनी, १० एप्रिल, इस्पितळाचा व्हरांडा

बिसिम्वा,

तुला गप्प बसायला सांगितलं होतं.

किती चांगलं खोटं शोधलं होतं मी तुझ्यासाठी. अध्यक्ष म्बोनिम्पा बुरुंडीचे, म्हणजे ना तुमच्या बाजूचे ना आमच्या, भला माणूस, चष्मा कपाळावर ढकलून ऐकत होते. रहाटाचे दात म्हटल्यावर त्यांना सुटल्यासारखं झालं. "म्हणजे दोष रहाटाचा," ते म्हणाले. मी हो म्हटलं. भिंतीपाशी दादा आणि बुशाराची माणसं ओल्या कपड्यांत उभी होती, त्यांच्यात जरा हालचाल झाली. एवढ्यावर संपलं होतं.

आणि तू उठलास. मला काय माहीत तू रहाट बरोबर आणला आहेस. माझं पत्र वाचून तू घाबरला नाहीस, लाजला नाहीस, तर सरळ तो अवजड रहाट लाकडी, दोनचाकी चुकुडूवर लादून, ढकलत, फाटकातून आमच्या अंगणात घेऊन आलास, रहाटाची अब्रू वाचवायला.

"हे खोटं आहे," तू म्हणालास. "मी दर शनिवारी तेल घालतो. खाली अंगणात आहे. एक झिजलेला दात दाखवा."

सगळे खाली जाऊन बघून आले. दात नव्यासारखे.

"मग दोष कशाचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"तळ्याचा," तू म्हणालास. "हिला तिच्या माणसांना खाली न्यायचं आहे. उद्या ती माणसं मेली तर माझ्याकडे बोट दाखवू नका."

अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाई, रहाट ठीक, माणूस ठीक, तर मग तळंच बिघडलं. आम्हाला दुसरा मार्ग ठेवला नाहीत तुम्ही."

मी दादाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. मग तुझ्याकडे बघितलं. तू जिंकल्यासारखा उभा होतास, एका हातानं टेबल धरून. ते टेबल तू का धरलं आहेस हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. तेव्हा मी बोलले. मला तू माफ कर असं मी म्हणणार नाही, कारण पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

"माणूस ठीक नाही," मी म्हटलं. "दोष याच्या श्वासाचा आहे. खोटं वाटत असेल तर रहाट वर आणा, गॅलरीला बांधा, खाली सिमेंटचं पोतं अडकवा आणि याला ओढायला सांगा. बोलायचं नाही, टोपीला हात लावायचा नाही."

तू "आणा" म्हणालास. माझ्याकडे न बघता. चिझा म्हणाला, "काका, राहू दे." तू त्याच्यावर ओरडलास.

पहिल्यांदा पोतं वर आलं. तुमच्या केंद्राच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, पुन्हा. त्या क्षणी माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. दुसऱ्यांदा निम्म्यावर दांडा थांबला. तुझ्याजवळ कारण नव्हतं, तोंड बंद ठेवायचं होतं, आणि सगळे बघत होते. तुलाही दिसलं ते. तुझ्या चेहऱ्यावर मी बघितलं, तुला ते पहिल्यांदा दिसलं. मग दांडा उलटा फिरला, चिझानं उडी मारून धरला म्हणून तुझा हात वाचला. तू खाली बसलास आणि मग आडवा झालास.

पुढचं तुला माहीत नाही. म्हणून लिहिते आहे, नाहीतर लिहिलं नसतं.

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. मग म्हणाले, "बाईंचा आलेख धरा. बुशारा खाली जाऊ दे." कोणी आनंद केला नाही. दादानं पाठीमागे वळून सांगितलं, "झोळी आणा." डोंगरावरून आजाऱ्याला आणायची वेताची झोळी वस्तीबरोबर वर गेली होती आणि पाऊस म्हणून तिच्यात भांडी ठेवली होती. भांडी बाहेर काढली. तुला तिच्यात घातलं. इस्पितळाचा चढ तू बघितला आहेस, गाड्या रुतल्या होत्या. बुशाराच्या माणसांनी आळीपाळीनं तुला वर आणलं. महिनाभर ज्यांनी तुझ्या नावानं शिव्या दिल्या तीच माणसं, आणि उचलतानाही देत होती. "आमची घरं याच्यापायी भिजली, आणि वजनाला हा बघा केवढा," असं एकजण म्हणाला. पण कोणी थांबलं नाही. तुला पोचवून मग ती आपापल्या घरी उतरली.

दादा सकाळी आला होता. घरात पाणी शिरलं आहे, बीन्स माकडांनी खाल्ले, गाय पोटभर चरते आहे. तो तुला बघायला आत आला तर तू डोळे मिटून घेतलेस. तो म्हणाला, "जागा आहे. बरा होईल."

डॉक्टर म्हणतात, लहानपणीच्या तापानं हृदयाची झडप खराब झाली असणार, इतकी वर्षं तू ओढत आलास. औषधं सुरू केली आहेत. किगालीला नेऊन ऑपरेशन करावं लागेल, आणि ते होतं, लोक बरे होतात. रहाटाला पुन्हा हात लावायचा नाही. हे तुला मी सांगितलं तर तू ऐकणार नाहीस म्हणून त्यांच्याकडून सांगवलं, पण तू त्यांच्याकडेही पाठ केलीस असं कळलं.

आणि नर्सला तू सांगितलंस की ती बाहेरची बाई आत येता कामा नये. ऐकलं मी, दार उघडंच होतं. बरोबर आहे. चारचौघांत तुझ्या हातातून दांडा मी काढून घेतला. तू म्हणत होतास तेच अखेर मी केलं. माझ्यावर रागव. हवा तेवढा रागव, वर्षभर रागव, मला चालेल. रागवायला माणूस लागतो.

पण एक घोटाळा झाला आहे. इथे रोग्याजवळ एकालाच बसू देतात आणि रात्री जो बसणार त्याचं नातं विचारतात. नर्सनं मला विचारलं, तुम्ही कोण. मी सांगितलं, बायको. तिनं लिहून घेतलं. आता तुला ते खोटं वाटत असेल तर उठ, दारातून बाहेर ये, या व्हरांड्याच्या टोकाला तिचं टेबल आहे तिथपर्यंत चालत जा आणि तिला सांग. मध्ये भिंतीला हात न लावता, कुठेही न थांबता. मी बाकावर बसले आहे, तुला अडवणार नाही.

दोनाता